अख्खं गाव खड्ड्यात, आणि गावाला पत्ता नाही!

प्रश्न: राम राम दादा. आमचा भाचा नोकरीला जर्मनीत आहे, त्याने रविवारी व्हिडिओ कॉल लावून एका चर्चच्या टॉवरवरून दाखवलं की हे पूर्ण शहर उल्का पडून झालेल्या खड्ड्यात आहे म्हणे, आणि आता त्याचा जिओपार्क केलाय. आम्हाला तर नुसती सपाट शेतं दिसली. लोणार आम्ही बघितलंय, काठावर उभं राहिलं की पोटात गोळा येतो. हा पोरगा आमची फिरकी घेतोय का?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर: राम राम मामा! भाचा खरं बोलतोय. ते गाव नॉर्डलिंगेन, आणि खड्ड्याचं नाव रीस. तुम्हाला तो दिसला नाही कारण तो लय मोठा आहे, लोणार काठापासून काठापर्यंत पावणेदोन-दोन किलोमीटर, आणि रीस जवळपास 24, म्हणजे जळगाव स्टेशनावर एक काठ धरला तर दुसरा थेट भुसावळला. आता एवढ्या मोठ्या ताटात मधोमध उभं राहून ताटाची कड कशी दिसणार? त्यात हे झालं सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी, मग तिथे तळं साचलं, तळं गाळाने भरलं, आता त्याच गाळावर शेती चाललीय. भाच्याला सांगा परत टॉवरवर जा (डॅनियल म्हणतात त्याला, 90 मीटर उंच आहे, पाय दुखतील पण जा) आणि लांबवर गोल फिरलेली झाडीची टेकाडं दाखव, तीच कड.

आणि खरी गंमत त्या चर्चच्या भिंतीत आहे. करड्या रंगाचा, मध्ये मध्ये काळपट काचेचे तुकडे अडकलेला दगड आहे तो, सुएव्हाइट नावाचा. लोकांनी शेकडो वर्षं तो खाणीतून काढला, चर्च बांधलं, आणि समजत राहिले की इथे कधीतरी ज्वालामुखी होता. शास्त्रज्ञही तेच म्हणायचे बरं का! 1960 मध्ये युजीन शूमेकर आणि एडवर्ड चाओ या दोघा भूगर्भशास्त्रज्ञांनी त्या दगडात कोएसाइट सापडल्याचं दाखवलं आणि ज्वालामुखीचा निकाल लागला. कोएसाइट म्हणजे आपली गारगोटीच, पण प्रचंड दाबाखाली बनलेली, हवेच्या दाबाच्या वीसेक हजार पटीहून जास्त, आणि एवढा दाब जमिनीच्या वरच्या थरात ज्वालामुखी देऊच शकत नाही, आभाळातून किलोमीटरभर रुंदीचा धोंडा आदळला तरच. त्या धडकेत दगडातल्या ग्रॅफाइटचे (पेन्सिलीत असतं ते) हिरेसुद्धा झाले, म्हणजे चर्चच्या भिंतीत हिरे आहेत! पण मामींना सांगू नका, सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत.

1970 मध्ये अपोलो 14 या चांद्रमोहिमेचे अंतराळवीर इथे दगड ओळखायला शिकायला आले होते. 2022 मध्ये युनेस्कोने या भागाला ग्लोबल जिओपार्कचा दर्जा दिला. जिओपार्क म्हणजे कुंपण घातलेली बाग नाही, दगड-जमिनीचा इतिहास जपणारा अख्खा परिसर, त्यात गावं, शेतं, जुन्या खाणी सगळं आलं. माझ्या मते लोणारचंही असं व्हायला पाहिजे, कारण ते बेसॉल्टमध्ये म्हणजे आपल्याच काळ्या पाषाणात पडलेलं आहे, आणि चंद्र-मंगळावरचे खड्डे समजून घ्यायला तेच जास्त कामाचं. पण आपण जातो, पाणी गुलाबी झालं होतं ते कुठून दिसतं विचारतो, सेल्फी काढतो आणि मेहकरला चहा पिऊन घरी.

प्रश्न: सर, नांगरटीत एक जड काळा दगड निघाला, लोहचुंबक चिकटतं. आजोबा म्हणतात, "हाऊ दगड आकाशमाईन पडेल शे" (म्हणजे आकाशातून पडलेला आहे). खरंय का?
– एक वाचक, यावल तालुका

उत्तर: लोहचुंबकावर जाऊ नका भाऊ, आपल्या बेसॉल्टमध्येच मॅग्नेटाइट हे चुंबकाला चिकटणारं लोखंडाचं खनिज असतं, घरचा वरवंटापण थोडाफार ओढला जातो. दगडाची कड बघा. उल्का हवेतून जळत येते म्हणून तिला वरून करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी पातळ काळी साल असते आणि आतून बहुतेक वेळा रंग फिका निघतो. आतबाहेर सारखाच काळा असेल, किंवा बुडबुड्यांची भोकं असतील, भोकांत पांढरे स्फटिक असतील, तर तो दगड इथलाच. फरशीच्या मागच्या खरबरीत बाजूवर घासूनही बघा, लाल किंवा गडद काळी रेघ उमटली तर समजा लोखंडाचं खनिज आहे, उल्का नाही.

पण आजोबांना हसू नका. 1843 च्या जूनमध्ये एदलाबादजवळ (आताचं मुक्ताईनगर) मानेगावला खरोखर उल्का पडली होती, आणि तीपण साधीसुधी नाही, डायोजेनाइट जातीची, म्हणजे शास्त्रज्ञांच्या मते व्हेस्टा नावाच्या लघुग्रहाचा तुटलेला तुकडा. तुमच्या तालुक्यापासून ते काही फार लांब नाही. तेव्हा दगड फोडू नका, तेल-शेंदूर लावू नका, कोरडा ठेवा आणि जवळच्या कॉलेजात भूगर्भशास्त्राच्या सरांना दाखवा. बेसॉल्ट निघाला तर ठेचा वाटायला आहेच.