'आण्विक संरक्षक' नव्हे, पाठराखीण!

प्रश्न : 'क्लस्टरिन हे आण्विक संरक्षक जनुक अल्झायमरशी निगडित असावे' असे वाचले. 'मॉलिक्युलर शॅपरॉन'साठी 'आण्विक संरक्षक' बरोबर आहे का?

आधी ते 'आण्विक' खोडा. नागपुरातल्या व्याख्यानांत हा शब्द इतक्यांदा कानावर आदळतो की आता राहवत नाही. मराठीत ॲटम म्हणजे अणू, मॉलिक्यूल म्हणजे रेणू. हिंदीत मॉलिक्यूल हा अणु आणि ॲटम परमाणु. आपल्याकडे दोन्ही भाषा एकाच वाक्यात नांदतात, म्हणून हिंदी पुस्तकातलं 'आण्विक' तसंच मराठीत येतं आणि वाचणाऱ्यापुढे अणुभट्टी उभी राहते. 'रेणवीय' म्हणा. शिवाय शॅपरॉन जनुक नसतं, इतर प्रथिनांना नीट घडी पडायला मदत करणारं प्रथिन असतं. जनुकात फक्त त्याची कृती लिहिलेली.

आता खरी गंमत. फ्रेंचमध्ये 'शापरों' म्हणजे डोकं-खांदे झाकणारं टोपडं, थेट आपली कुंची! लॅटिन 'काप्पा'तून निघालेलं. कॅप, केप, चॅपेल ही सगळी त्याच घरातली. पुढे तरुण मुलीसोबत जाणाऱ्या वडीलधाऱ्या बाईला हे नाव पडलं, कारण ती कुंचीसारखी पोरीला जपते. रॉन लास्की या जीवशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये ते बेडकाच्या अंड्यातल्या एका प्रथिनाला दिलं, जॉन एलिस या दुसऱ्या शास्त्रज्ञांनी 1987 मध्ये त्याची व्याप्ती वाढवली. यातली बरीच प्रथिनं उष्णतेचा धक्का बसला की पेशीत भराभर वाढतात. म्हणजे उन्हासाठी कुंचीच! नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ रणरणत्या दिवसांत, दुपट्टा बांधल्याशिवाय घराबाहेर न पडणाऱ्या नागपूरकराला याहून वेगळं काय समजावायचं?

तरीही मराठी शब्द मी 'पाठराखीण' असाच सुचवीन. नवरीसोबत सासरी जाते, चार दिवस तिला सावरते आणि परत येते. त्या घरची होत नाही. एलिस यांची अटही हीच, की शॅपरॉन घडणीला मदत करतं, पण घडलेल्या वस्तूचा भाग होत नाही. घडी कशी पडायची हे प्रथिनाच्या अमिनो आम्लांच्या क्रमातच ठरलेलं असतं. पाठराखीण फक्त भलत्याला चिकटू देत नाही. 'संरक्षक' म्हणजे दारावरचा पहारेकरी. त्यात सोबतही नाही आणि परत येणंही नाही. लग्नघरातला शब्द प्रयोगशाळेत नको म्हणणाऱ्या कोशकारांनी सांगावं, शॅपरॉन तरी कुठून आला? आणि वर्तमानपत्रांनी 'पाठराखण'ला आरोपीची वकिली करायला लावली, हा त्या शब्दाचा दोष नव्हे.

राहिलं क्लस्टरिन. हे प्रथिन मुख्यतः पेशीबाहेर काम करतं, बिघडलेल्या प्रथिनांच्या गुठळ्या होऊ देत नाही, अल्झायमरमध्ये मेंदूत साठणाऱ्या ॲमिलॉइड-बीटा या प्रथिनाच्या तुकड्यालाही चिकटतं. 2009 मध्ये दोन मोठ्या जनुकीय अभ्यासांत त्याच्या जनुकातले काही फरक या आजाराच्या जोखमीशी जुळलेले दिसले. जुळणं म्हणजे कारण नव्हे, म्हणून तुमच्या वाक्यातलं 'असावे' मात्र जसंच्या तसं ठेवा.