वहीतल्या चौकटी आणि अकरावीचं गणित

प्रश्न : माझा थोरला अकरावी सायन्सला आहे. धाकटा कॉम्प्युटरवर पॅक-मॅन खेळतो आणि हा शेजारी बसून तो कुठे वळला ते टिपतो, चौकटी रंगवत बसतो. क्लासचा अभ्यास मागे पडलाय. ह्यांचं म्हणणं, वही काढून घ्या. काय करू? — एक आई, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, वही काढून घेऊ नका. तुम्ही पाठवलेला पानाचा फोटो मी दोनदा मोठा करून पाहिला. भुतांना चुकवत ठिपके खायच्या, 1980 सालच्या या जपानी गेमचा चक्रव्यूह 28 बाय 31 चौकटींचा असतो. तुमच्या मुलाने तो हाताने आखलाय आणि भाऊ जिथून जास्त वेळा गेला ती चौकट जास्त गडद केलीय. याला हीटमॅप म्हणतात. खालची मधली जागा सगळ्यात गडद दिसते. तिथे त्याने पेन्सिलीने लिहिलंय, ‘इथे गडद असणारच, प्रत्येक जीव गेल्यावर इथूनच सुरुवात.’ खूप दिसतंय म्हणजे आवडतंय असं नाही, हे ओळखायला पदवीच्या मुलांनाही वेळ लागतो.

खाली एका वळणाचा हिशोब आहे. खालून आल्यावर 40 पैकी 26 वेळा डावीकडे, 10 वेळा उजवीकडे, 4 वेळा सरळ. म्हणजे 0.65, 0.25 आणि 0.10. प्रत्येक वळणाची अशी ओळ मांडली की मॅट्रिक्स, म्हणजे संख्यांचा चौकोनी तक्ता, तयार होतो, आणि प्रत्येक ओळीची बेरीज 1 येते. रशियन गणिती मार्कोव्ह यांनी 1913 मध्ये पुश्किनच्या काव्यातली 20,000 अक्षरं घेऊन स्वरामागून व्यंजन किती वेळा येतं, ते असंच मोजलं होतं. द्वारका चौकात कुठून आलेली गाडी कुठे वळते, हेही याच रीतीने मांडता येईल.

त्याला माझं एक सांगा : तक्ते दोन कर. भुतं मागे लागलेली असताना एक आणि मोठा ठिपका खाल्ल्यावर ती निळी होऊन पळत असताना दुसरा. दोन्ही एकत्र केले तर भावाची खरी सवय दिसणारच नाही.

अभ्यास मागे पडतोय, ही तुमची काळजी रास्तच आहे. मॅट्रिक्स आणि संभाव्यता हे अकरावीचेच धडे. त्यांची गणितं आधी सोडवायची, वही रविवारी, असं त्याच्याशी ठरवा. त्याची वाट मला संख्याशास्त्राची दिसते. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत बी.स्टॅट. ही संख्याशास्त्राची पदवी आहे; तिची प्रवेश परीक्षा अवघड असते, तयारी आत्ताच सुरू करावी लागेल. नाही जमलं तर संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. आणि पुढे पुणे विद्यापीठात एम.एस्सी. हाही चांगला रस्ता आहे. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला गेला तरी हे गणित वाया जात नाही.

आणि एका संध्याकाळी वडिलांनी त्याच्याशेजारी बसून ते पान त्याच्याकडूनच समजून घ्यावं. दोन तक्ते झाले की मला फोटो पाठवा, मी वाट पाहतोय.