बारा वर्षे उभ्या असलेल्या ‘शक्तिमान’ला स्टार्टर मारण्यापूर्वी

प्रश्न : माझ्या दिवंगत वडिलांनी लष्कराच्या लिलावातून घेतलेला ‘शक्तिमान’ ट्रक काटोल रस्त्यावरील आमच्या संत्र्याच्या बागेत बारा वर्षांपासून उभा आहे. निवृत्तीनंतर तो घरच्या घरी दुरुस्त करावा, असे मनात आहे. नवी बॅटरी लावून एकदा स्टार्टर मारून पाहू, असे मुलगा म्हणतो. तसे करावे काय? शिवाय रंग पुन्हा लष्करी हिरवाच द्यावा, अशी घरच्यांची इच्छा आहे.
– एक वाचक, नागपूर

उत्तर : चिरंजीवांचा उत्साह समजण्यासारखा आहे, पण बॅटरी अजून काही दिवस दुकानातच राहू द्यावी. इतकी वर्षे बंद असलेल्या डिझेल इंजिनात पिस्टनच्या रिंगा गंजाने सिलिंडरला धरून बसलेल्या असू शकतात, आणि अशा वेळी स्टार्टरचा जोर लावल्यास रिंग तुटते किंवा लायनरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतील नळीवर, ओरखडे उठतात. त्याऐवजी सर्व नोझल (इंजिनात डिझेल फवारणारे भाग) काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये इंजिन ऑइल व डिझेल यांचे थोडे मिश्रण सोडावे, आठवडाभर थांबावे आणि मग इंजिन हाताने, सावकाश, दोन पूर्ण फेरे फिरवून पाहावे. अडले तर बळ लावू नये. पुन्हा तेल सोडून पुन्हा थांबावे. ऑइल चेंबरचा खालचा बोल्ट अगदी थोडा सैल करावा. ऑइलच्या आधी पाणी ठिबकले, तर हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उघडण्याची तयारी ठेवावी.

डिझेलची टाकी उतरवून धुवावी, फिल्टर बदलावेत आणि इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप जाणत्या मिस्त्रीकडून तपासून घ्यावा. पंपातील रॅक, म्हणजे डिझेलचे प्रमाण ठरवणारी पट्टी, चिकटलेली असेल, तर इंजिन सुरू होताच भरमसाट वेग घेते आणि बंद करू म्हटले तरी बंद होत नाही. म्हणून पहिल्या वेळी एअर क्लीनर काढून ठेवावा आणि एका माणसाने जाड लाकडी फळी घेऊन हवेच्या तोंडाशी उभे राहावे, म्हणजे वेळ पडताच ते तोंड बंद करता येईल. तेथे हात किंवा कापड मात्र कधीही लावू नये.

माझ्या मते, इंजिनाच्याही आधी ब्रेक तयार हवेत, आणि त्यासाठी ट्रक जॅकवर उचलावा लागेल. आपली बाग काळ्या मातीची असणार. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावर टेकवलेला जॅक बघता बघता खचतो. तेव्हा ट्रक पक्क्या फरशीवर ओढून आणावा, चाकांना अडण्या लावाव्यात आणि चॅसिसखाली लाकडी ठोकळे दिल्याशिवाय कोणीही खाली शिरू नये. चाकांना लॉक रिंग (टायर रिमवर धरून ठेवणारी लोखंडी कडी) असेल, तर नट खोलण्यापूर्वी टायरमधील हवा पूर्ण सोडावी आणि टायर चढवण्या-उतरवण्याचे काम घरी न करता टायरवाल्याकडेच द्यावे, कारण हवेच्या दाबाने उडालेली रिंग माणसाचा जीव घेऊ शकते.

सुट्या भागांची चिंता वाटते तितकी नाही. जर्मनीच्या ‘मॅन’ कंपनीच्या परवान्याने 1959 पासून हा ट्रक जबलपुरात तयार होत असे. उत्पादन थांबून बरीच वर्षे झाली असली, तरी तिकडच्या भंगार बाजारात चौकशी करता येईल, आणि बुश किंवा पिना नागपूरजवळच्या वाडी येथील एखाद्या चांगल्या लेथवाल्याकडून बनवून घेता येतात. जुना भाग नमुन्यासाठी जपून ठेवावा.

रंगाबाबत मात्र घरच्यांना नाराज करावे लागेल. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 121 प्रमाणे संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज इतर कोणत्याही वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. मातकट किंवा राखाडी छटा निवडावी. ट्रकची नोंदणी वडिलांनी केली होती की नाही, हे आपण लिहिलेले नाही. केली नसेल, तर लष्कराकडून घेतलेल्या वाहनासाठी नमुना 21 मधील मूळ विक्री प्रमाणपत्र आरटीओत द्यावे लागते. ते वडिलांच्या कागदपत्रांत आहे का, हे टाकीला हात लावण्यापूर्वीच शोधावे.