कृष्णाकाठच्या मोटरची कापलेली केबल कशानं जोडावी?

तुमचा प्रश्न असा: भिलवडीजवळ नदीवर १० एचपीची मोटर आहे. पाणी चढायला लागलं म्हणून घाईत वर ओढली आणि केबल दोन ठिकाणी कापावी लागली. एक काप स्टार्टरच्या पेटीकडून येणारी १६ एमएमची अॅल्युमिनियमची आर्मर्ड (धातूच्या कवचाची) केबल आणि मोटरची ६ एमएमची तांब्याची फ्लॅट जिथं भेटतात तिथं, दुसरा फ्लॅट केबलच्याच मध्यावर. दुकानदारानं स्क्रूची पितळी पट्टी, फेरूल (दोन्हीकडून तार घालून दाबायची नळी) आणि बोल्टचा क्लॅम्प असे तीन प्रकार पुढं ठेवले. वायरमन म्हणतो, "कशाला खर्च? पिळा मारतो, टेप गुंडाळतो."

दादा, आधी पिळ्याचं बघू. मी सांगलीत मोटारी भरतो, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवीन तार गुंडाळतो. नवीन होतो तेव्हा अॅल्युमिनियम आणि तांब्याचा असाच पिळा मी स्वतः मारला होता. सहा-सात महिन्यांत मोटर जळून माझ्याच दुकानात आली. उघडली तर दोन फेजच्या कॉइल कोळसा झालेल्या आणि तिसऱ्या फेजची नवीकोरी, वार्निशही चकाकतंय. स्टारमध्ये (तिन्ही कॉइलची एकेक टोकं एकत्र बांधून) चालणारी मोटर अशी दिसली की समजायचं, वाटेत कुठंतरी एक फेज गेला आणि उरलेल्या दोघांनी सगळा भार ओढला. केबलवरचा टेप सोडला तर आत पांढरी भुकटी. ती मोटर मी फुकट भरून दिली, सांगायला लाज कसली.

ती भुकटी म्हणजे अॅल्युमिनियमचा ऑक्साइड. अॅल्युमिनियम सोललं की लगेच त्यावर हा थर धरतो, आणि त्यातून वीज जात नाही. त्यात तांबं चिकटलं आणि ओल मिळाली की अॅल्युमिनियम झिजायला लागतं. शिवाय गरम झाल्यावर अॅल्युमिनियम तांब्यापेक्षा जास्त फुगतं, गार झालं की आकसतं, आणि दाबाखाली हळूहळू सरकतंही. मोटर रोज चालू-बंद होते, तसा जॉइंट रोज थोडा ढिला होतो. तुमची मोटर भरल्या लोडला साधारण १५ अँपिअर घेणार. जॉइंटमध्ये ०.१ ओहम अडथळा आला तर तिथं २२ वॅटच्या वर उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीची २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न टेपमध्ये गुंडाळून ठेवल्यासारखंच झालं की. सुरू होताना तर करंट पाच-सहा पट जातो.

म्हणून कनेक्टर घेताना दोनच गोष्टी बघा: दोन्हीकडं धातू कोणता, आणि हा जॉइंट पुन्हा सोडायचा आहे का. तुमच्या दोन कापांची उत्तरं त्यामुळं वेगवेगळी येतात.

मधला काप, तांब्याला तांबं: तिथं ६ चीच तांब्याची फेरूल, कथिल चढवलेली. दुकानात ज्याला ६ एमएम म्हणतात ते ६ चौरस मिलिमीटर असतं, तेव्हा पट्टीनं तारेची जाडी मोजून फेरूल मागू नका. १० ची फेरूल घेऊन तार दुमडून भरायची युक्ती बरेच जण करतात, तीही नको. तार फेरूलच्या निम्म्या लांबीइतकीच सोला, दोन्ही टोकं मध्यावर भिडली पाहिजेत. दाबायला क्रिंपिंगचं हत्यारच हवं आणि त्यात ६ चाच खाचा. पक्कड नाहीतर हातोडीनं चेपलेली फेरूल बाहेरून चपटी दिसते, पण आत तारा मोकळ्या असतात. ओढून बघा, निसटून हातात येईल. प्रत्येक बाजूला दोन दाब, मध्याकडून टोकाकडं. हत्यार नसेल तर दुकानदाराकडंच मागा, फेरूल विकणाऱ्याकडं बहुधा असतंच.

तिन्ही कोरचे, म्हणजे केबलमधल्या तिन्ही तारांचे, जॉइंट एकाच रांगेत आणू नका. तीन-चार इंच मागंपुढं ठेवले की गाठ जाड होत नाही आणि एखादा फुटला तरी शेजारच्या फेजला टेकत नाही. प्रत्येकावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (गरम केल्यावर आकसून बसणारी नळी), आणि वरून सगळ्यांवर मोठी एक. ही नळी फेरूल दाबायच्या आधी केबलमध्ये ओवायची असते. हसू नका, तीस वर्षांचा वायरमनही हे विसरतो आणि पक्का दाबलेला जॉइंट कापून पुन्हा करतो. मग जॉइंट रात्रभर बादलीत बुडवून ठेवा आणि सकाळी पाण्यातच ५०० व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन तपासायच्या यंत्रानं) तपासा. त्या वेळी केबलची दोन्ही टोकं मोकळी असू द्या. पाण्याखाली जाणारा जॉइंट नुसत्या काळ्या टेपवर सोडू नका.

आता काठावरचा काप, जिथं अॅल्युमिनियम आणि तांबं भेटतं. इथं मी फेरूल लावणारच नाही. पुढच्या पावसाळ्यात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी ४० फुटांकडं सरकायला लागली की तुम्ही पुन्हा मोटर ओढणार आणि पुन्हा कापणार. इथं सुटणारा जॉइंट हवा, आणि तो काठावरच्या वेगळ्या पेटीत हवा. अॅल्युमिनियमच्या टोकाला १६ ची बायमेटल थिंबल दाबा; थिंबल म्हणजे तार दाबायची नळी आणि पुढं बोल्टासाठी भोक असलेलं चपटं पान. तिची नळी अॅल्युमिनियमची आणि पान तांब्याचं असतं, म्हणजे दोन धातूंची गाठ कारखान्यातच पडलेली. तार आधी ब्रशनं घासून घ्या, नळीत जॉइंटिंगची पेस्ट असू द्या. मोटरच्या केबलला ६ ची तांब्याची थिंबल. दोघींचं बोल्टाचं भोक एकाच मापाचं घ्या. मग दोन्ही पानं एकमेकांवर ठेवून बोल्ट, स्प्रिंग वॉशरसह. पानांच्या मध्ये वॉशर घालू नका. करंट पानातून पानात गेला पाहिजे, बोल्टातून नव्हे. ही चूक मी निम्म्या पेट्यांत बघतो.

पितळी पट्टी वाईट नाही, पण तिचा स्क्रू अॅल्युमिनियमच्या तारा कुरतडतो आणि काही दिवसांत ढिला होतो. घरातल्या तांब्याच्या वायरिंगला ठीक आहे. बोल्टचा क्लॅम्प उघड्या तारांच्या लाइनसाठी असतो, तुमच्या पेटीत तो अडचणच करेल.

जॉइंटची ही पेटी कुठं लावायची, तर जमेल तितकी वर. २०१९ ला आयर्विनपाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हाची खूण तुमच्या रानात कुणालातरी नक्की आठवत असेल. केबल पेटीत खालूनच घ्या, ग्लँड (केबल घट्ट धरणारा नट) लावून. आर्मर आणि अर्थिंगची तार सोडून देऊ नका, तीही थिंबल लावून जोडा. लाल, पिवळा, निळा जसाच्या तसा जुळवा. दोन फेज बदलले तर मोटर उलटी फिरेल, पाणी येईल पण अर्धमुर्धं, आणि तुम्ही दोष भलतीकडंच शोधत बसाल.

एक गोष्ट मात्र कनेक्टरपेक्षाही महत्त्वाची. स्टार्टरच्या पेटीत ऑटो स्विच (लाइट आली की मोटर आपोआप सुरू करणारा) असेल तर तो आधी काढा, नुसता बंद करू नका. शेतीची लाइट कधी येईल याचा नेम नसतो, आणि ऑटोला कळत नाही की तुम्ही केबल धरून बसलाय. मेन स्विच पाडा, तिन्ही फ्यूज काढून खिशात टाका आणि तारेला हात लावायच्या आधी तिन्ही फेज टेस्ट लॅम्पनं बघा.

जोडल्यावर मोटर अर्धा तास चालवा, मेन बंद करा, पुन्हा टेस्ट लॅम्प लावा आणि मग बोल्टच्या पानांना हात लावा. तिन्ही सारखीच कोमट लागली पाहिजेत. एक जास्त गरम असेल तर तेवढंच खोलून घासा आणि पुन्हा आवळा. महिन्याभरानं पाना घेऊन एकदा सगळे बोल्ट परत आवळून या.