आजोबा लष्करात इंजिनिअर होते. त्यांच्याविषयी लिहायला सुरुवात कुठून करू?

तुमचे आजोबा सॅपर, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलातले होते, ९२ व्या वर्षी गेले, घरच्यांसाठी त्यांच्यावर काही लिहून ठेवायचं आहे, पण जन्मतारीख, पदं आणि बदल्या यांच्या पलीकडे गाडी सरकत नाही, असं तुम्ही लिहिलंय. दोन वर्षांपूर्वी माझंही हेच झालं. माझे बाबा बॉम्बे सॅपर्समध्ये होते, लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झाले आणि ९१ वर्षं जगले. मी लिहिलेली पहिली चार पानं वाचून भाऊ म्हणाला, "ताई, यात बाबा कुठेच नाहीत गं." खरंच नव्हते.

अडचण अशी आहे की सॅपरचं काम मागे उरत नाही. बेली पूल घ्या, म्हणजे सुट्या लोखंडी चौकटी जोडून उभारायचा पूल. दहा फूट लांबीची एक चौकट, वजन जवळजवळ २६० किलो, ती सहा जण उचलणार. क्रेन नाही, चौकटीला चौकट पिनांनी जोडायची आणि तयार होत जाणारा पूल रोलरवरून पलीकडच्या काठाकडे ढकलत न्यायचा. फौज पार झाली की पुष्कळदा तोच पूल सोडवून पुढे घेऊन जायचं. सुरुंग काढले तिथे तर नुसती मोकळी जमीन राहते. १६ डिसेंबर १९७१ ला पश्चिम आघाडीवर बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचे रणगाडे सुरुंगांतली वाट पुरती साफ होण्याआधीच पुढे गेले. त्या लढाईत परमवीर चक्र मिळवणारे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल आपल्या सगळ्यांना माहीत आहेत, असायलाच हवेत. त्या वाटेवर रात्रभर जमिनीवर पालथे पडून काम करणाऱ्यांची नावं मात्र त्यांच्या घरच्यांनाच ठाऊक.

म्हणून तुमच्या आजोबांनी काय बांधलं हे शोधत बसू नका. त्यांचे हात काय करायचे ते आठवा.

बाबांचा गुलाबांचा वाफा होता. तिथे ते खुरपं कधी सरळ मारत नसत. उकिडवे बसायचे, पातं तिरकं धरायचे, हळूच आत सारायचे, थांबायचे, मग बोटभर पुढे. मी लहानपणापासून हे बघत आले आणि ही त्यांची माती हाताळायची पद्धत, एवढंच समजत राहिले. ते गेल्यावर त्यांच्या युनिटमधले एक काका भेटायला आले. सुरुंग कसे शोधायचे ते सांगताना त्यांनी टीपॉयवरची पेन्सिल उचलली आणि सतरंजीवर तिरकी टेकवली. "साधारण तीस अंशांत, ताई. सरळ दाबलं तर वरचा दाब बसतो आणि संपलं. तिरकं गेलं की सळई सुरुंगाच्या कडेला लागते." मग पेन्सिल थांबली, बोटभर पुढे गेली. मला पुढचं काही ऐकूच येईना. पन्नास वर्षं आमच्या अंगणात जे चाललं होतं ते मला त्या दिवशी कळलं. माझा लेख तिथूनच सुरू झाला.

त्यांच्या युनिटमधलं कुणी हयात असेल तर याच महिन्यात जा, उशीर करू नका.

मेडल्सही नीट बघा. घरात ती शोभेची वस्तू होऊन बसतात, पण त्यांतून बरंच कळतं. कडेवर किंवा मागच्या बाजूला नंबर आणि नाव कोरलेलं असतं. १९६५ च्या युद्धात आघाडीवर असतील तर त्यांत समर सेवा स्टार सापडेल. १९७१ साठी पूर्व आघाडीचा 'पूर्वी स्टार' किंवा पश्चिम आघाडीचा 'पश्चिमी स्टार', म्हणजे कोणत्या आघाडीवर होते तेही समजतं. जुन्या पत्रांवरून नेमकं ठिकाण कळत नाही, कारण पत्त्यात गावच नसतं, लष्करी टपालाचं नुसतं 'मार्फत ५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ'. नोकरीचे कागद सापडत नसतील तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा, अर्ज कुठे करायचा ते सांगतात.

आणि जे ते पुन्हा पुन्हा सांगायचे ते गाळू नका. बाबा युद्धाविषयी बोलत नसत, पानशेतविषयी मात्र दर पावसाळ्यात. जुलै १९६१ मध्ये धरण खचायला लागल्यावर जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली होती. धरण वाचलं नाही, १२ तारखेला सकाळी फुटलंच. बाबा दर वेळी तेच वाक्य म्हणायचे, "पण पाणी उजेडी आलं." अंधारात आलं असतं तर पुण्यात किती माणसं गेली असती, याचा विचार त्यांनी आयुष्यभर केला. आम्ही मुलं कंटाळायचो. आता वाटतं, त्यांना स्वतःच्या कामाविषयी जे सांगायचं होतं ते सगळं त्या चार शब्दांत होतं.

आजी आहेत असं तुम्ही लिहिलंय. मग ट्रंक नंतर उघडा, आधी त्यांच्याजवळ बसा. माझी आई बाबांच्या आधी गेली, आणि आमच्या घरातली १९७१ ची तिची बाजू तिच्याबरोबर गेली. मी तेव्हा चार वर्षांची होते. खिडक्यांना लावलेले काळे कागद आठवतात, बाकी काही नाही. त्या डिसेंबरातलं बाबांचं एकच पत्र तिने जपून ठेवलेलं सापडलं. युद्ध थांबल्यावर पाच दिवसांनी लिहिलेलं. त्यात एवढंच आहे: "मी ठीक आहे. मोरीतला नळ गळत असेल तर वायसर बदलून घे, खोक्यात डाव्या बाजूला दोन ठेवलेत. मुलांना जवळ घे." त्यावर आईने काय उत्तर लिहिलं, ते विचारायला आता कुणी नाही.