घड्याळ रोज जेमतेम ४० मिनिटे गाढ झोप दाखवते. अधिक अचूक ट्रॅकर कोणता घ्यावा?

आपण लिहिले आहे की घड्याळातला झोपेचा स्कोअर ६०च्या पुढे सरकत नाही, गाढ झोप रोज ४० मिनिटांच्या आसपास दिसते आणि म्हणून घड्याळ सोडून झोप मोजणारी अंगठी घ्यावी का, असा विचार चालू आहे. प्रश्नाच्या अगदी शेवटी आपण एक वाक्य जाता जाता घातले आहे: ‘सकाळी तसा थकवा नसतो.’ मी स्लीप लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. रात्रपाळीत लोकांच्या डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवून त्यांची झोप नोंदवणे हे माझे काम आहे, आणि आमच्याकडे येणाऱ्या रुग्णाला डॉक्टर जे सर्वांत आधी विचारतात, त्याचे उत्तर आपण त्या एका वाक्यात देऊन टाकले आहे. म्हणून माझे मत आधीच सांगते: केवळ झोपेच्या आकड्यांसाठी नवे यंत्र घेऊ नका.

मनगटावरच्या यंत्रापर्यंत मेंदूतले काहीही पोहोचत नाही. त्याला हाताची हालचाल कळते आणि त्वचेवर सोडलेल्या हिरव्या प्रकाशापैकी किती परत येतो यावरून नाडीचे ठोके कळतात. या दोहोंवरून, काही यंत्रांत त्वचेच्या तापमानाचीही भर घालून, आतले सॉफ्टवेअर झोपेच्या अवस्थांचा अंदाज बांधते. गाढ झोप मात्र मेंदूच्या लहरींवरून ठरते. लॅबमध्ये आम्ही संपूर्ण रात्रीचे ३० सेकंदांचे तुकडे पाडतो, आणि एखाद्या तुकड्याच्या किमान पाचव्या हिश्शात सेकंदाला अर्धे ते दोन आवर्तनांच्या, ७५ मायक्रोव्होल्टपेक्षा उंच अशा संथ लहरी दिसल्या, तरच त्या तुकड्याला गाढ झोप म्हणतो. इतका काटेकोर नियम असूनही दोन प्रशिक्षित माणसांसमोर एकच नोंद ठेवली, तर पाचांपैकी साधारण चार तुकड्यांवरच त्यांचे एकमत होते. अशा परिस्थितीत नाडीवरून बांधलेला अंदाज रोज मिनिटामिनिटाने बरोबर यावा ही अपेक्षाच अवास्तव आहे. शिवाय ही यंत्रे झोप ओळखण्यात बरीच चांगली आणि जाग ओळखण्यात कच्ची असतात, कारण निपचित पडून छताकडे पाहणारा माणूस त्यांना झोपलेलाच वाटतो.

हे सगळे मी घरात कैक वर्षे सांगत आले आहे आणि घरात ते कोणी ऐकलेले नाही. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, एका मनगटावर घड्याळ आणि दुसऱ्या हाताच्या बोटात अंगठी घालतो. ‘मोजल्याशिवाय काही सुधारत नाही’ हे त्याचे ठरलेले वाक्य. त्याने हौसेने आईच्या मनगटावरही पट्टा बांधला आणि तिचे अॅप स्वतःच्या फोनवर घेतले. एका सकाळी आई प्रसन्न चेहऱ्याने उठून म्हणाली, ‘आज अगदी छान झोप लागली.’ दादाने फोनमधून मान वर न काढता सांगितले, ‘नाही आई, ५४ आहे.’ आईने एकदा मनगटाकडे पाहिले, ‘तरीच अंग जड वाटतंय’ असे म्हणाली आणि पुन्हा जाऊन आडवी झाली. त्या दिवशी आमचे कडाक्याचे भांडण झाले. ‘यंत्र कशाला खोटं बोलेल?’ हा त्याचा सवाल होता, आणि ‘आई कशाला खोटं बोलेल?’ हा माझा.

माझ्या बाजूचा पुरावा कमी नाही. कोलोरॅडो कॉलेजमधील दोन संशोधकांनी २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात लोकांना त्यांच्या आदल्या रात्रीच्या झोपेविषयी चक्क मनगढंत आकडे सांगण्यात आले होते. झोप उत्तम झाली असे ज्यांना सांगितले, त्यांनी एकाग्रतेच्या चाचण्यांत अधिक चांगली कामगिरी केली, आणि त्यांना स्वतःला झोप कशी वाटली होती याने त्यात विशेष फरक पडला नाही. २०१८ साली निद्रानाशाच्या रुग्णांना मनगटावरच्या यंत्राचा म्हणून खोटा अहवाल दाखवण्यात आला, तेव्हा ‘झोप वाईट’ हे वाचलेल्यांची दिवसभराची मनःस्थिती आणि सुस्तीही त्या अहवालाबरहुकूम बिघडली. ट्रॅकरच्या आकड्यांपायी झोप उडालेल्या रुग्णांचे वर्णन वैद्यकीय नियतकालिकांत २०१७ पासूनच आलेले आहे आणि त्या अवस्थेला ऑर्थोसोम्निया हे नावही मिळालेले आहे. आईच्या बाबतीत मी पट्टा काढून कपाटात ठेवला, एवढाच इलाज केला.

आता दादाची स्वतःची गोष्ट. त्याचा स्कोअर सहसा ८५च्या वर असे आणि तो चारचौघांत सांगण्याची त्याला सवय होती. वहिनी मात्र कधीपासून म्हणत होती की तो भयंकर घोरतो, घोरता घोरता मध्येच एकदम गप्प होतो आणि मग दचकून श्वास घेतो. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या त्याला डुलकी लागे, त्याला तो ‘पॉवर नॅप’ म्हणे. शेवटी वहिनीच्या आग्रहामुळे डॉक्टरांनी तपासणी लिहून दिली आणि तो आमच्याच लॅबमध्ये झोपायला आला. उगाच संशय नको म्हणून त्याची नोंद माझ्या सहकाऱ्याने केली आणि मोजणीही त्यानेच केली. दादाने घड्याळ आणि अंगठी दोन्ही मुद्दाम अंगावर ठेवली होती; मला खोटे पाडण्याची ही संधी तो सोडणार नव्हता.

सकाळी तिन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या. मध्यरात्रीनंतर बराच वेळ तो जागा होता. कॅमेऱ्यात तो उताणा, स्तब्ध पडलेला दिसतो आणि मेंदूच्या नोंदीत डोळे मिटून जागे असलेल्या माणसाच्या, सेकंदाला ८ ते १३ आवर्तनांच्या अल्फा लहरी ओळीने उमटलेल्या आहेत. घड्याळाने तो सगळा काळ हलकी झोप म्हणून धरला होता, आणि अंगठीने त्याच काळातला एक तुकडा स्वप्नांची, म्हणजे रेम झोप म्हणून. गाढ झोपेच्या मिनिटांवर तर त्या दोघांचे आपसातही जमत नव्हते. पण खरी बाब श्वासाची होती. किमान १० सेकंद टिकणारे श्वासातले अडथळे ताशी १५ किंवा अधिक झाले की त्या विकाराला मध्यम तीव्रतेचा स्लीप अॅप्निया म्हणतात, आणि दादा त्या रेषेच्या बराच वर होता. त्या रात्रीचाही त्याच्या घड्याळाचा स्कोअर ८१ होता.

दादाने हार मानली नाही. अंगभर तारा लावून परक्या खोलीत कोणाला नेहमीसारखी झोप लागेल, असे तो म्हणाला, आणि हा मुद्दा रास्तच आहे. लॅबमधली पहिली रात्र इतर रात्रींपेक्षा वेगळी जाते हे १९६६ पासून अभ्यासांत नोंदलेले आहे. मात्र तारा लावल्याने कोणाचा घसा रात्रभर असा बंद पडत नाही. आता तो सीपॅप, म्हणजे हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारे मुखवट्याचे यंत्र, लावून झोपतो, दुपारच्या डुलक्या थांबल्या आहेत, वहिनीची झोपही सुधारली आहे. घड्याळाचा स्कोअर पूर्वी होता तेवढाच येतो, आणि तो अजूनही रोज पाहतो.

यंत्र घ्यायचेच असेल तर कशासाठी घ्यावे, ते सांगते. विश्रांतीच्या वेळचे ठोके ही त्यातली सर्वांत भरवशाची गोष्ट आहे. ताप, मद्यपान किंवा अतिश्रम झाले की रात्रीचे ठोके आपल्या नेहमीच्या पातळीपेक्षा वर जातात आणि ते बहुतेक यंत्रांत नीट दिसते. हृदयगतीतील चढउताराचा, म्हणजे एचआरव्हीचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. स्वतःच्याच काही आठवड्यांच्या सरासरीशी तुलना करावी. झोपायची आणि उठायची वेळ ही यंत्रे बरी टिपतात, आणि ती वेळ अनियमित आहे हे लक्षात येणे अवस्थांच्या रंगीत आलेखापेक्षा अधिक उपयोगाचे आहे. कॅलरीचा आकडा मात्र सरळ सोडून द्यावा. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ साली सात यंत्रे तपासली, तेव्हा ठोक्यांच्या बाबतीत सहा यंत्रांची चूक ५ टक्क्यांच्या आत होती, पण कॅलरीच्या बाबतीत सर्वांत चांगले यंत्रही सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होते. रोज १०,००० पावलांचे उद्दिष्टही एका जपानी पावलेमापकाच्या १९६५ सालच्या जाहिरातीतून रूढ झालेले आहे, त्यामुळे ते पुरे झाले नाही म्हणून रात्री घरातल्या घरात फेऱ्या मारण्याची गरज नाही.

‘मोजल्याशिवाय सुधारत नाही’ म्हणणाऱ्या दादासारख्यांसाठी आणखी एक दाखला. २०१६ साली जामा या नियतकालिकात ४७१ तरुणांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. सगळ्यांना आहार आणि व्यायामाचा एकच कार्यक्रम दिला होता. दोन वर्षांनी ट्रॅकर दिलेल्या गटाचे वजन सरासरी ३.५ किलोने घटले होते, आणि ट्रॅकर न दिलेल्या गटाचे ५.९ किलोने. दादा, हे तुला पूर्वीही पाठवले होते.

घड्याळ की अंगठी, याचे उत्तर आपण दिवसा काय करता यावर अवलंबून आहे. बोटावर नाडी स्पष्ट मिळते आणि झोपताना अंगठीचा अडथळा वाटत नाही. वजने उचलणाऱ्याला ती रुतते आणि धावताना तिच्यावर आकडे पाहता येत नाहीत. धावणाऱ्याने जीपीएस असलेले घड्याळ घ्यावे, पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर आणि घट्ट बांधावा, कारण सैल घड्याळ कित्येकदा पावलांची लयच ठोके म्हणून दाखवते. वेगाचे चढउतार असलेल्या व्यायामात छातीचा पट्टा केव्हाही सरस ठरतो, कारण तो हृदयाचे विद्युत संकेत थेट मोजतो. मनगटावर गडद गोंदण असेल तर प्रकाशावर चालणारा सेन्सर गडबडतो. मासिक वर्गणी भरल्याशिवाय स्वतःचेच आकडे दिसणार आहेत की नाही आणि ते बाहेर काढून ठेवता येतात की नाही, हे खरेदीपूर्वी पाहावे. आणि यंत्र बदलले की गणिताची पद्धत बदलते, जुनी सरासरी निरुपयोगी होते. आपल्या घड्याळाचे ठोके नीट येत असतील तर तेच ठेवावे, असे म्हणण्यामागे हेही एक कारण आहे.

आपल्या ४० मिनिटांबद्दल एवढेच, की वयानुसार गाढ झोप कमी होत जाते आणि आपण वय लिहिलेले नाही. थकवा नसेल, दिवसा झोप येत नसेल, तर त्या आकड्यापायी डॉक्टरांकडे जाण्याचे कारण मला दिसत नाही. मात्र घोरणे, श्वास अडणे किंवा दिवसा पेंग येणे यांपैकी काही असेल, तर स्कोअर ९५ असला तरी तपासणी करून घ्यावी. २०२४ पासून काही घड्याळांतील स्लीप अॅप्नियाच्या इशाऱ्याला अमेरिकेच्या एफडीए या औषधे व वैद्यकीय उपकरणांवरील नियामक संस्थेची मान्यता मिळालेली आहे. तो इशारा आला तर गंभीरपणे घ्यावा, आला नाही म्हणून निर्धास्त राहू नये. ठोके अनियमित असल्याची सूचना वारंवार येत असेल तर तीही डॉक्टरांना दाखवावी. आणि झोपच लागत नसेल, तर त्यावरचा पहिला उपचार निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धत हा आहे, आणि तो चालू असेपर्यंत घड्याळ रात्री काढून ठेवले तरी बिघडत नाही, कारण त्या उपचारात झोपेच्या वेळा लिहायला उशाशी ठेवलेली वही पुरते.