लाईट जाऊन आली की लोकल डीएनएस बंद पडतो
रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटरवरचा अनबाउंड (साईटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देणारा डीएनएस प्रोग्राम) लाईट आल्यावर चालू दिसतो, पण एकही साईट उघडत नाही, हेच ना? आधी घड्याळ बघा. आमच्या उद्यमनगरातल्या ऑफिसात रात्रभर लाईट नव्हती. सकाळी पायवर आदल्या रात्रीचे ११ वाजलेले! पाय ४ ला बॅटरीवरचं घड्याळ नसतं. वेळ मागे राहिली की डीएनएससेकच्या (डीएनएसचं उत्तर खरं आहे हे डिजिटल सहीने तपासायची पद्धत) ताज्या सह्या अनबाउंडला अवैध वाटतात आणि तो पत्त्याऐवजी ‘सर्व्हफेल’ ही एरर देतो. वेळ सुधारायला एनटीपी सर्व्हरचं (नेटवरून अचूक वेळ देणारा सर्व्हर) नाव शोधायचं, तर त्यालाही डीएनएसच लागतो. म्हणून एनटीपी सेटिंगमध्ये नावाऐवजी आयपी पत्ता द्या. मी डीएस३२३१ हे बॅटरीवरच्या घड्याळाचं मॉड्यूल बसवलं, पावसाळ्यात तेच खात्रीचं. अनबाउंडची सर्व्हिसच चालू होत नसेल, तर डीएनएसचं पोर्ट ५३ दुसऱ्या कुठल्या प्रोग्रामने धरलंय का ते तपासा.